मुदत टळल्यावर

शिक्षा होऊन वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं. माणूस आत असतो, घरच्यांनी वकिलाची फी भागवलेली असते आणि अपील मात्र दाखलच झालेलं नसतं. सांगली-कोल्हापूरकडे फौजदारी वकिली करताना आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम करताना अशी प्रकरणं माझ्याकडे सारखी येत राहिली. बहुतेक वेळा बायको किंवा आई येते, हातात कागदांनी भरलेली कापडी पिशवी असते आणि पहिलंच वाक्य असतं, "साहेब म्हणाले होते, टाकलंय अपील."

मुदत चुकवणारे सगळे वकील लबाड नसतात. कुणी अंथरुणाला खिळलेला असतो, कुणाचा कारकून फायली तशाच टाकून गेलेला असतो, तर कुणी उरलेली फी येईपर्यंत कागद कपाटात ठेवलेले असतात. आतल्या माणसाला या तिन्हींत काही फरक पडत नाही. या प्रकरणांतून माझं एक मत पक्कं झालं. मुदत टळल्यानं फौजदारी अपील क्वचितच कायमचं जातं. ते जातं मुदत टळल्याचं कळल्यानंतर घरचे जे महिने घालवतात त्यांत. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी दिवस मोजा, मग घाबरा.

मुदतीचा कायदा १९६३चा. त्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद ११५ फौजदारी अपिलाचा. फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवस, इतर शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं असेल तर ६० दिवस आणि सत्र न्यायालयात जायचं असेल तर ३० दिवस. एवढं बहुतेकांना कुणीतरी सांगितलेलं असतं. कलम १२ मात्र सांगितलेलं नसतं. निकालाचा दिवस धरायचा नाही आणि नक्कल मिळायला लागलेले दिवसही वजा करायचे, असं ते कलम सांगतं.

समजा, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी १ मार्चला शिक्षा दिली. ५ मार्चला नकलेचा अर्ज केला आणि २० मार्चला नक्कल तयार झाली. साध्या हिशेबानं मुदत ३१ मार्चला संपते. नकलेचे सोळा दिवस मिळवले की ती १६ एप्रिलपर्यंत जाते. म्हणून सही-शिक्क्याच्या नकलेच्या शेवटच्या पानावरचा तो तारखांचा ठसा मी आधी बघते. अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. निकालपत्र नंतर वाचते. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर कलम ४ प्रमाणे ते उघडेल त्या दिवशी अपील देता येतं. आणि १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयानं मुदतीतूनच वगळला आहे. त्या काळात शिक्षा झालेल्यांची प्रकरणं आजही येतात आणि त्यांच्या आधीच्या वकिलांनी हे दिवस वजा केलेलेच नसतात.

नकलेचे दिवस नक्कल मागितली असेल तरच मिळतात. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत फुकट आणि ताबडतोब मिळायला हवी. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. ती प्रत मिळाली म्हणून घरचे निर्धास्त होतात. मी तरीही नक्कल विभागात अर्ज टाकायला लावते.

२. जामीन म्हणजे अपील नव्हे.

चेक न वटल्याच्या खटल्यांत आणि मारामारीच्या किरकोळ गुन्ह्यांत हे फार होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं न्यायालयच त्याला तिथल्या तिथे सोडतं. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये आहे, जुन्या संहितेतलं कलम ३८९. पण सोडतं ते फक्त अपील करून वरच्या न्यायालयाचा आदेश आणायला पुरेल एवढ्या अवधीसाठी. बहुधा महिनाभर. घरी मात्र पेढे वाटले जातात. वकिलालाही वाटतं, अशील परत येईल तेव्हा बघू. अशिलाला वाटतं, साहेबांनी सोडवलं. मग एके दिवशी पोलीस ठाण्यातून हवालदार वॉरंट घेऊन दारात उभा राहतो आणि तेव्हा कळतं की वर काहीच दाखल नाही.

अशा वेळी लपणं हा सगळ्यात वाईट सल्ला, आणि तो सल्ला गावात फुकट मिळतो. वॉरंट असताना फरार राहून विलंब माफीचा अर्ज केला की न्यायाधीशाच्या मनात पहिली गाठ तिथेच पडते. त्याच दिवशी अपील, विलंब माफी आणि शिक्षा स्थगितीचे अर्ज तयार ठेवायचे आणि हजर व्हायचं. एखादी रात्र आत काढावी लागली तरी पुढचं सोपं जातं. चेकच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट असते. अपील न्यायालय दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावू शकतं. ते पैसे कुठून आणायचे याचा विचार त्याच आठवड्यात करायला हवा, कारण विलंब माफ होऊन पैशांवाचून स्थगिती अडलेली मी पाहिली आहे.

३. नंबर मागा.

अपील दाखल झालं असेल तर त्याला नंबर असतो. नंबर नसेल तर अपील नाही. वकिलाला हे विचारताना संकोच वाटू देऊ नका. "साहेब, नंबर तेवढा द्या, घरी लिहून ठेवते," असं साध्या आवाजात विचारलं तर चांगल्या वकिलाला राग येत नाही. खालच्या कोर्टाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते. गल्लीतला कॉलेजात जाणारा कुठलाही पोरगा हे करून देतो.

उच्च न्यायालयात एक पायरी जास्त असते. कागद दिले की आधी स्टॅम्प नंबर पडतो. मग कार्यालय त्रुटी काढतं. पान अस्पष्ट आहे, मराठी कागदाचं भाषांतर नाही, वकीलपत्रावर जेल अधिकाऱ्याची सही नाही, अशा. त्या दूर केल्यावरच पक्का नंबर मिळतो. कितीतरी प्रकरणांत वकिलानं मुदतीत कागद दिलेले असतात, पण त्रुटी कुणीच दूर केलेल्या नसतात आणि प्रकरण स्टॅम्प नंबरवर पडून राहतं, नाहीतर मुदतीत त्रुटी दूर न केल्यामुळे निकाली निघतं. इथे वकील खोटं बोललेला नसतो. त्यानं टाकलं होतं. अशा वेळी नवं अपील आणि विलंब माफी असला द्राविडी प्राणायाम करायचा नाही. जुनंच प्रकरण पुन्हा जिवंत करायचा अर्ज करायचा. दाखल केल्याची मूळ तारीख वाचते आणि काम निम्मं होतं.

आमच्याकडे आता आणखी एक गोंधळ आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं तिकडे जातात. आमच्या भागाची मोठी सोय झाली यात शंका नाही. पण मुंबईच्या वकिलाला वाटतं, कागद कोल्हापूरला गेले आणि तिकडे कुणी वकील लावला असेल. घरच्यांना वाटतं, मुंबईचे साहेब बघताहेत. प्रकरण दोघांच्या मध्ये पोरकं होतं. फाईल कुठे आहे हे एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा.

४. वकिलाशी भांडण नंतर.

हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. राग रास्त असतो. पण पहिल्याच दिवशी तक्रार अर्ज, गावभर बोभाटा, वकिलाच्या ऑफिसात शिवीगाळ, हे झालं की हाती येणारा सगळ्यात मोलाचा कागद हातचा जातो. तो कागद म्हणजे त्या वकिलाचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. 'निकाल मला अमुक तारखेला कळला, कागद मला अमुक दिवशी मिळाले, माझ्या आजारपणामुळे किंवा माझ्या कार्यालयाच्या चुकीमुळे अपील वेळेत दाखल झालं नाही, यात अशिलाचा दोष नाही,' असं वकिलानं शपथेवर लिहून दिलं की विलंब माफीच्या अर्जाचं वजनच बदलतं. न्यायाधीशाला अशिलाचं 'माझ्या वकिलानं फसवलं' हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. वकिलाचं 'चूक माझी' हे वाक्य क्वचित मिळतं.

मी स्वतः अशा वकिलांना जाऊन भेटले आहे. काहींनी चहा पाजून तिथेच मसुदा करून दिला. एकानं दोन महिने फोन उचलला नाही. एका ज्येष्ठानं माझ्यासमोर अशिलाच्या आईची माफी मागितली आणि कारकुनाला म्हणाले, "फी परत दे, आणि झेरॉक्सचे पैसे आपण घालू." वकील प्रतिज्ञापत्र देत नसेल तर तसंही चालतं. मग त्याला पाठवलेली रजिस्टर पत्रं, व्हॉट्सॲपचे निरोप आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी यांवर भिस्त ठेवायची.

फाईल मात्र परत घ्यायचीच. 'उरलेली फी द्या, मग कागद,' असं म्हणण्याचा वकिलाला अधिकार नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हे स्पष्ट केलं. फी बुडाली असेल तर वकिलानं ती वसूल करायचे दुसरे मार्ग आहेत, अशिलाचे कागद गहाण ठेवून घेता येत नाहीत. हा निकाल मी पत्रात लिहिला की बहुतेक फायली आठवडाभरात येतात. आणि फाईल मिळालीच नाही तर तिच्यासाठी थांबू नका. खालच्या न्यायालयातून रोजनाम्यासकट सगळ्या नकला पुन्हा मागवता येतात.

५. अर्जात कारण कमी आणि तारखा जास्त हव्यात.

मुदतीच्या कायद्याचं कलम ५ सांगतं की वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं असं न्यायालयाला पटलं तर उशिरा आलेलं अपीलही घेता येतं. किती उशीर, याला वरची मर्यादा नाही. सगळं या 'पुरेशा कारणा'वर अवलंबून असतं.

न्यायालयांनी यावर उदार भूमिका घेतल्याचे निकाल पुष्कळ आहेत. १९८१च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात वकील सुनावणीला हजरच राहिला नाही आणि अशिलाचं काम त्याच्या गैरहजेरीत निकाली निघालं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वकील नेमून, त्याची फी देऊन गावाकडे गेलेल्या साध्या माणसानं आणखी काय करायचं होतं? त्याचं प्रकरण पुन्हा सुनावणीला लावलं आणि खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले. १९८७च्या काटिजी प्रकरणात प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा हवा या नियमाचा अतिरेक करू नका, असं सांगितलं. १९९८च्या एन. बालकृष्णन प्रकरणात तर ८८३ दिवसांचा विलंब माफ झाला, तोही वकिलाच्या दुर्लक्षामुळे झालेला. विलंब किती याला महत्त्व नाही, खुलासा पटण्यासारखा आहे का ते बघा, हे त्या निकालाचं सार.

हे सगळे दिवाणी निकाल. फौजदारीत माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं, म्हणून पारडं आणखी झुकतं. शिक्षेविरुद्धच्या पहिल्या अपिलाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडलेला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली दिलीप डहाणूकर प्रकरणात म्हटलं. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच, चेकचं. पण उलटा वाराही वाहतो. २०२४च्या रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की सगळं खापर वकिलावर फोडून पक्षकाराला हात झटकता येणार नाहीत, आपल्या प्रकरणाचं काय झालं याची चौकशी त्यानंही करायला हवी. सरकारी वकील आता हाच निकाल पुढे करतात.

म्हणून अर्ज लिहिताना मी विशेषणं काढून टाकते आणि तारखा भरते. निकाल कधी लागला. वकीलपत्र कधी दिलं. पैसे कुठल्या दिवशी, कसे दिले. जेलमध्ये मुलाखत कधी झाली आणि तेव्हा काय बोलणं झालं. वकिलाला फोन कधी केले. अपील नसल्याचं कुणाकडून, कुठल्या दिवशी कळलं. त्यानंतर काय केलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दीड वर्षाचं ओझं वकिलाच्या डोक्यावर ठेवता येतं, पण कळल्यानंतरचे चार महिने कुणाच्या डोक्यावर ठेवणार? सत्र न्यायालयात मला विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा हाच होता. विलंबाचे एकूण दिवस बिनचूक मोजून लिहायचे, नाहीतर कार्यालयच अर्ज परत करतं.

आणि डॉक्टरचं खोटं सर्टिफिकेट जोडायचं नाही. घरचे आग्रह धरतात. "एवढं केलं की होतंय बघा मॅडम, आमच्या भावकीत एकानं तसंच केलं." कावीळ झाली होती, पाठदुखी होती, तीन महिने सक्तीची विश्रांती. माणूस त्या काळात जेलमध्ये असतो, आणि जेलच्या दवाखान्याचं रजिस्टर कुणीही मागवू शकतं. एकदा शपथेवरचं खोटं उघडं पडलं की खरं कारणही कुणी ऐकत नाही.

६. आतल्या माणसाला स्वतः अपील करता येतं.

आपल्याकडे याची सगळ्यात कमी माहिती आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कैदी आपलं अपील आणि निकालाची प्रत जेलच्या अधीक्षकाकडे देऊ शकतो. अधीक्षकानं ते योग्य न्यायालयाकडे पाठवायचं, असं बंधन कायद्यानंच त्याच्यावर घातलं आहे. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम ३८३, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं ४२४. याला जेल अपील म्हणतात. कागद साधा, मराठीत हातानं लिहिलेला चालतो. मला शिक्षा मान्य नाही, मला वकील द्या, एवढं असलं तरी पुढची चाकं फिरतात. खासगी वकिलानं मुदत चुकवली असेल तरी हा रस्ता बंद होत नाही. विलंब माफीची विनंतीही त्यातच लिहिता येते.

या हक्कामागे येरवड्याची एक गोष्ट आहे. एम. एच. हॉसकोट हे विद्यापीठात शिकवणारे गृहस्थ. बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात मुंबईच्या सत्र न्यायालयानं त्यांना जेमतेम न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड दिला होता. सरकारनं अपील केलं आणि उच्च न्यायालयानं १९७३ साली शिक्षा तीन वर्षांवर नेली. उच्च न्यायालयानं निकालाची प्रत येरवडा कारागृहाकडे पाठवली. ती कैद्याला मिळाल्याची त्याची सही मात्र कुठे नव्हती. चार वर्षं उशिरा, शिक्षा भोगून झाल्यावर, हॉसकोट सर्वोच्च न्यायालयात पोचले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं १९७८ साली त्यांची याचिका गुणवत्तेवर फेटाळली. त्यांच्या पदरात काही पडलं नाही. पण त्या निकालानं पुढच्या सगळ्या कैद्यांसाठी दंडक घालून दिला. निकालाची प्रत वेळेत आणि फुकट द्या, जेलनं ती कैद्याच्या हाती देऊन सहीची पोच घ्या, अपील करायला त्याला मदत करा आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं वकील द्या. म्हणून जेलमध्ये गेले की मी आधी पोच बघते. प्रत मिळाल्याची सही नसेल तर विलंबाचा निम्मा खुलासा तिथेच सापडतो.

फुकट वकिलाबद्दलही गैरसमज आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे ताब्यात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न विचारलं जात नाही. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही तसंच. जिल्ह्यात लोक अभिरक्षक कार्यालय आहे, उच्च न्यायालयात विधी सेवा समिती आहे, १५१०० या नंबरावर फोन करता येतो. तरी लोक अर्धा एकर विकतात. फुकटचा वकील म्हणजे कसला वकील, अशी समजूत. मी पॅनेलवर आहे म्हणून सांगत नाही. माझ्या पाहण्यात मुदती चुकवण्यात फी घेणाऱ्यांचा वाटा कमी नाही. २०२४च्या सुहास चकमा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तर असंही सुचवलं की शिक्षेच्या निकालाच्या प्रतीला वर एक पान जोडावं आणि त्यावर, पुढे जायला मोफत वकील मिळतो, एवढं लिहावं. ते पान सगळीकडे लागलं तर माझ्याकडची पिशव्यांची रांग बरीच आखूड होईल.

जेल अपील देताना जावक क्रमांक मात्र लिहून घ्या. पुढच्या मुलाखतीत घरच्यांनी तो विचारावा.

७. नाही म्हटलं तर वर जा, तिथेच पुन्हा जाऊ नका.

विलंब माफीचा अर्ज फेटाळला गेला की अपीलही संपतं. मग काही जण नवा वकील करून त्याच न्यायालयात नवा अर्ज टाकतात. फौजदारी न्यायालयाला आपला सही झालेला निकाल, लेखनदोष सोडून, बदलता येत नाही. वेळ जातो आणि रागही ओढवतो. सत्र न्यायालयानं नाकारलं तर उच्च न्यायालयात रिव्हिजन किंवा रिट. उच्च न्यायालयानं नाकारलं तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, ९० दिवसांत. दिल्लीला जायचं तर शरण आल्याचा दाखला लागतो किंवा त्यातून सूट मागावी लागते.

वेगळी परिस्थिती म्हणजे अपील वेळेत दाखल होतं, पण सुनावणीला वकीलच गेला नाही. इथे बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश हा १९९६चा निकाल लक्षात ठेवा. वकील आला नाही एवढ्यासाठी दाखल करून घेतलेलं फौजदारी अपील फेटाळता येत नाही. न्यायालयानं कागद वाचून गुणवत्तेवर निकाल द्यायचा असतो. नुसतं 'गैरहजर, सबब फेटाळलं' असा आदेश असेल तर तो वर टिकत नाही.

८. काही कायद्यांची घड्याळं वेगळी असतात.

राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) कायद्यात अपिलाला ३० दिवस, आणि ९० दिवसांनंतर अपील घ्यायचंच नाही असं लिहिलं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ साली ते बंधन आरोपीच्या बाबतीत सैल करून वाचलं. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा प्रकरणात हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाकडे जा.

९. आता वकील.

अपील दाखल झालं, विलंब माफ झाला, की मग हा विषय काढायचा. तोवर अर्ध्याअधिक लोकांचा राग निवलेला असतो. ज्यांचा निवत नाही त्यांच्यासाठी वाटा तीन, त्यातली एक बंद झालेली.

पहिली बार कौन्सिलची. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१च्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. ताकीद, काही काळ सनद निलंबित, किंवा सनदच रद्द, अशा शिक्षा आहेत. पण विसरभोळेपणा आणि गैरवर्तणूक यांत शिस्तपालन समिती फरक करते. डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली, एवढ्यावर सनद जात नाही. अपील दाखल केलं नसताना खोटा नंबर सांगितला, कोर्ट फीचे पैसे घेऊन भरले नाहीत, असं असेल तर गोष्ट वेगळी. तक्रारीत हा फरक दाखवता आला पाहिजे. आणि यातून तुम्हाला पैसे मिळत नाहीत, हे आधी समजून घ्या.

दुसरी ग्राहक मंचाची. ती बंद झाली. वर सांगितलेल्या बालकृष्णन प्रकरणातल्या माणसाला ग्राहक मंचानं वकिलाकडून ५०,००० रुपये मिळवून दिले होते. १४ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. मला स्वतःला हा निकाल वकिलांच्या फार सोयीचा वाटतो. डॉक्टरला लागू असलेलं आपल्याला का नको, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुठल्या बार रूममध्ये मिळालेलं नाही.

तिसरी दिवाणी दाव्याची. लीगल प्रॅक्टिशनर्स फीज ॲक्ट हा १९२६चा छोटा कायदा आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे निष्काळजीपणाच्या दाव्यातून वकील केवळ वकील म्हणून सुटत नाही. म्हणजे दावा करता येतो. पण अपील वेळेत झालं असतं तर सुटका झाली असती, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. अपिलात पुढे निर्दोष सुटका झाली तर त्या दाव्याला जोर येतो. म्हणजे इथेही आधी अपीलच लढावं लागतं.

पैसे मागायला आलेले फार थोडे लोक मला भेटले. बहुतेकांना त्या वकिलानं एकदा समोर बसून काय झालं ते सांगावं एवढंच हवं असतं.

१०. विलंब माफ झाला की सैल सोडू नका.

माफीचा आदेश झाला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथेच दुसऱ्यांदा प्रकरण हरवतं. आदेशात कधी अट असते. खर्चाची रक्कम अमुक दिवसांत विधी सेवा प्राधिकरणाकडे भरा. ती भरली नाही तर आदेश आपोआप रद्द होतो, आणि मग माफीतल्या अटीचं पालन न केल्याबद्दल पुन्हा माफी मागायची वेळ येते. पैसे भरल्याची पावती न्यायालयात दाखल करून तिची पोच घ्यायची. अपिलाला पक्का नंबर पडला का ते आठवड्याभरात बघायचं. शिक्षा स्थगितीचा अर्ज त्याच नंबराखाली लावून घ्यायचा, कारण अपील दाखल होणं म्हणजे सुटका नव्हे, आणि अंतिम सुनावणीला उच्च न्यायालयात वर्षं लागू शकतात. खालच्या न्यायालयाचं रेकॉर्ड वर पोचलं का, तेही विचारायचं. जेलमध्ये नव्या वकिलाचं नाव आणि अपिलाचा नंबर कळवायचा, नाहीतर आतला माणूस कंटाळून दुसरं जेल अपील देतो आणि एकाच शिक्षेविरुद्ध दोन अपिलं दोन टेबलांवर फिरत राहतात. मग ती एकत्र करायला आणखी एक अर्ज.